ओठ आधी, शब्द मागून

पत्र:
‘नवा टीव्ही आल्यापासून रात्री घरातल्यांची झोपमोड नको म्हणून ब्लूटूथ हेडफोन लावून बसते. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. ह्यांनी लावून पाहिला, म्हणाले, “काही नाही, तुझा भास आहे.” गंमत म्हणजे अर्ध्या तासाने मलाही ते जाणवेनासं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. तोच हेडफोन मोबाईलवर मात्र व्यवस्थित चालतो. दुसरं म्हणजे चष्मा काढला की मला समोरच्याचं बोलणं कमी ऐकू येतं. घरात सगळे यावरून हसतात. मुलीने परवा एक व्हिडिओ दाखवला. त्यातला माणूस “बा” म्हणतोय असं ती सांगते, मला मात्र “दा” ऐकू येतं. डोळे मिटले की “बा”. वय 54, कीबोर्ड शिकवते. बिघाड कानात आहे की डोक्यात?’

उत्तर:
डोक्यात नाही. कानाबद्दल शेवटी बोलू, कारण तिथे एक तपासणी करून घ्यावी असं आमचं मत आहे. हेडफोनचा दोष मात्र खरा आहे आणि तो मोजता येतो. तुमच्या यजमानांना जाणवला नाही एवढ्यावरून तो भास ठरत नाही. दोघांच्या मेंदूची सवलत वेगवेगळी आहे, इतकंच.

सवलत म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रकाश खोलीच्या मापात तत्क्षणी पोचतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. तीन मीटरवरून टीव्ही बघताना आवाज 9 मिलिसेकंद मागे असतो, मोठ्या सभागृहात 34 मीटरवर बसलात तर 100. शरीरात शिरल्यावर मात्र शर्यत उलटते. कानातल्या केसपेशी यांत्रिक आहेत. कंप आला की त्या जवळजवळ तत्काळ संदेश पाठवतात. डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाशाचं काम रासायनिक साखळीतून चालतं आणि त्यात कित्येक मिलिसेकंद जातात. त्यामुळे आवाजाचा संदेश मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या थरात, 15 मिलिसेकंदांच्या आसपास पोचतो, चित्राचा 50 च्या आसपास. हिशेब केलात तर समोरचा माणूस साधारण दहा मीटरवर असेल तेव्हाच त्याचं दिसणं आणि ऐकणं मेंदूत बरोबर पोचतं. टेबलापलीकडे बसलेल्याचा आवाज आधी, मैदानापलीकडच्याचा नंतर.

अशा परिस्थितीत मेंदू ‘एकाच क्षणी आलं तरच एक’ असा नियम लावूच शकत नाही. तो थोडी ढील देतो, हीच ती सवलत. ठरावीक वेळेच्या आत चित्र आणि आवाज आले, शिवाय साधारण एकाच दिशेने आले, तर दोघांचं मूळ एकच आहे असं धरून तो त्यांची गाठ मारतो. याची एक जागा मध्यमेंदूत आहे, सुपिरियर कॉलिक्युलस. बॅरी स्टाइन आणि ॲलेक्स मेरेडिथ यांनी मांजरांच्या मेंदूत तिथल्या पेशींचे प्रतिसाद मोजले. नुसत्या प्रकाशाला क्षीण आणि नुसत्या आवाजाला क्षीण प्रतिसाद देणाऱ्या काही पेशी, दोन्ही एकाच जागेवरून आणि जवळजवळ एकाच वेळी आले की, दोघांच्या बेरजेपेक्षाही जोरात पेटतात. जागा बदलली किंवा वेळ लांबली की हा जोर ओसरतो. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: सुटे संकेत जितके दुबळे, तितका एकत्र येण्याचा फायदा मोठा. हे लक्षात ठेवा, चष्म्यापाशी लागेल.

ही वेळेची खिडकी दोन्ही बाजूंना सारखी नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत प्रक्षेपणासाठीचे आकडे आहेत. आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं, मागे पडला तर 125 पर्यंत लक्षात येत नाही. पुढे 90 किंवा मागे 185 ओलांडलं की ते सहन होत नाही. कारण साधं आहे. विजेआधी गडगडाट कुणी ऐकलेला नाही. कानापर्यंत आवाज चित्राच्या मागून येणं मेंदूच्या रोजच्या ओळखीचं, पुढे येणं निसर्गात होतच नाही. म्हणून जुळवताना शंका आलीच तर आवाज किंचित मागे राहू द्यावा, पुढे कधीच नाही.

आता तुमचा हेडफोन. टीव्ही आवाजाचे तुकडे आवळून पाठवतो, हेडफोन ते साठवतो, उलगडतो आणि मग वाजवतो. नेहमीच्या ब्लूटूथ पद्धतीत या सगळ्याला 150 ते 250 मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुम्ही नेमक्या त्या 185 च्या काठावर बसला आहात. सवलत मोठी असलेल्या माणसाला हे खपतं, लहान असलेल्याला खुपतं. तुम्ही कीबोर्ड शिकवता. वाद्य वाजवणाऱ्यांची खिडकी अरुंद असते असं प्रयोगांत दिसलं आहे, संगीताच्या बाबतीत जास्त, बोलण्याच्या बाबतीत कमी. 2009 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात तर साध्या माणसांना चमक आणि टिकटिक यांची वेळ ओळखायला लावून प्रत्येक वेळी बरोबर की चूक ते सांगितलं. रोज तासभर, पाच दिवस. त्यांची खिडकी चांगलीच अरुंद झाली. यजमानांवर मात्र हा प्रयोग करू नका. ते आत्ता सुखात आहेत.

मोबाईलवर तोच हेडफोन का चालतो? फोनला हेडफोनच्या उशिराचा अंदाज असतो, म्हणून व्हिडिओ दाखवणारी ॲप्स चित्रच तेवढं थोपवून धरतात. फोनवर एखादा गेम खेळून बघा. तिथे बोट लागताक्षणी चित्र हलवावंच लागतं, थोपवता येत नाही, आणि उशीर लगेच उघडा पडतो. तुमचा टीव्ही ही चलाखी करत नाही असं दिसतं.

आधी मोजा, मग बदला. फोन टेकवून ठेवा, अर्ध्या मीटरवर उभ्या राहा आणि सेकंदाला 60 फ्रेमच्या सेटिंगवर स्वतःच्या पाच टाळ्या रेकॉर्ड करा, दोन टाळ्यांत तीन सेकंदांचं अंतर ठेवून. इतक्या जवळून आवाजाच्या प्रवासाला दीड मिलिसेकंद लागतो, तो सोडून द्या. ही क्लिप पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावा, आवाज हेडफोनमध्ये. हेडफोनचा एक कप दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून धरा आणि त्या फोनने टीव्हीचा पडदा पुन्हा 60 फ्रेमवर रेकॉर्ड करा. हे नवं रेकॉर्डिंग कुठल्याही साध्या व्हिडिओ एडिटरमध्ये उघडलंत की खाली आवाजाची लाट दिसते. तळवे भिडतात ती फ्रेम शोधा, तिथून लाटेच्या टोकापर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे 16.7 मिलिसेकंद. बारा फ्रेम आल्या तर उशीर 200 मिलिसेकंदांचा. पाचही टाळ्यांची सरासरी घ्या, एका टाळीवर भरवसा ठेवू नका. टाळीच का, चेहरा का नाही? टाळीला नेमका क्षण असतो. ओठ आवाज निघण्याआधीच उघडायला लागतात, त्यामुळे चेहरा बघून जुळवणाऱ्याचा हात हमखास इकडेतिकडे जातो.

मोजल्यावर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘एव्ही सिंक’ अशा नावाचं काहीतरी सापडेल. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हे सेटिंग बहुतेक टीव्हींवर आवाज फक्त मागे ढकलतं, आणि तुमचा आवाज आधीच मागे आहे. काटा वाढवत नेलात तर चूक वाढत जाईल. तो शून्यावर आणा. कुणीतरी आधी साउंडबारसाठी वाढवून ठेवलेला असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

तेवढ्याने भागलं नाही तर चित्र मागे खेचायची एक वाट आहे, जरा आडवळणाची. हालचाल गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू असताना टीव्हीला पुढच्या फ्रेमची वाट बघावी लागते, त्यामुळे चित्र थोडं उशिरा येतं. ‘गेम मोड’ हे सगळं बंद करून चित्र लवकर आणतो. म्हणजे आवाज मागे असताना गेम मोड लावलात तर दरी आणखी रुंदावते. लोक नेमकं हेच करतात, कारण ‘गेम मोडने उशीर कमी होतो’ असं त्यांनी ऐकलेलं असतं. कमी होतो, पण चित्राचा! तुम्ही गेम मोड बंद करा, हालचालीची प्रक्रिया चालू करा आणि पुन्हा टाळ्या मोजा. काही टीव्ही चित्राबरोबर आवाजही तितकाच मागे खेचतात, मग फरक पडत नाही. पडला तर कित्येक मिलिसेकंद हाती लागतात, आणि काठावरच्या माणसाला तेवढे पुरतात.

खरा इलाज मात्र हेडफोनचा मार्ग बदलणं हाच. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर लांब वायर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अचूक. वायर नकोच असेल तर टीव्हीसाठी स्वतःचा ट्रान्समीटर घेऊन येणारे रेडिओ हेडफोन बघा. ‘ॲपटीएक्स लो लेटन्सी’ या ब्लूटूथ पद्धतीत उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ती पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही टोकांना हवी. एकाच टोकाला असेल तर दोघं गुपचूप जुन्या पद्धतीवर उतरतात आणि पैसे पाण्यात. सिनेमा लॅपटॉपवर बघत असाल तर प्रश्नच मिटतो. तिथे फाइल पूर्ण हातात असते, त्यामुळे आवाज पुढेही ओढता येतो. विंडोजवर व्हीएलसीमध्ये ‘जे’ ही कळ एकदा दाबली की आवाज 50 मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ दाबली की पलीकडे जातो. 200 चा उशीर असेल तर चार वेळा ‘जे’. शंका असेल तर तीनच वेळा, कारण वर सांगितलंच आहे. आणि हो, कीबोर्डवर सराव करताना ब्लूटूथ मुळीच वापरू नका. तिथे ऐकणाऱ्याची सवलत कामाला येत नाही, बोटांचा ताल बिघडतो.

अर्ध्या तासात फरक नाहीसा का होतो, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण आहे. 2004 मध्ये जपानी संशोधकांच्या एका गटाने लोकांना काही मिनिटं ठरावीक अंतराने निसटलेली चमक आणि टिकटिक दाखवली. त्यानंतर त्यांच्या मनातला ‘एकाच वेळी’ हा बिंदूच त्या दिशेला सरकला. मेंदू गृहीत धरतो की समोरचं जग खोटं बोलत नाही, आपलंच घड्याळ लावायचं राहिलं असेल. सरकणं पूर्ण नसतं, मूळ अंतराचा छोटा हिस्साच भरून निघतो. पण तुम्ही काठावर असल्यामुळे तो हिस्सा तुम्हाला आत घ्यायला पुरतो. मग दिवसभर दार आपटतं, भांडं पडतं, माणसं बोलतात, सगळं जिथल्या तिथे आणि वेळेवर. त्याने घड्याळ पूर्ववत होतं, आणि रात्री तुम्ही पुन्हा ताज्या डोळ्यांनी तक्रार करता.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. जुळवाजुळव कधीही अर्धा सिनेमा बघून झाल्यावर करू नका. तोवर तुमचा मेंदू चुकीच्या वेळेला ‘बरोबर’ म्हणू लागलेला असतो, आणि तुम्ही त्याच्या सांगण्यावरून काटा फिरवता. सकाळी, पहिल्या दोन मिनिटांत, टाळ्यांवर. एकदा लावलं की रिमोट ठेवून द्या.

आता ‘बा’ आणि ‘दा’. हा मॅगर्क परिणाम. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी 1976 मध्ये तो मांडला. आवाज ‘बा’चा, चेहरा ‘गा’ म्हणणाऱ्याचा, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘दा’. ‘बा’ म्हणायला ओठ मिटावेच लागतात. डोळा सांगतो, मिटले नाहीत. कान सांगतो, ‘गा’सारखं घशाजवळून काही आलेलं नाही. ‘दा’ला ओठ मिटावे लागत नाहीत आणि आवाजही फार लांबचा नाही, मग तडजोड तिथे होते. चेहरा ‘बा’चा आणि आवाज ‘गा’चा अशी उलटापालट केली तर मिटलेले ओठ नाकारता येत नाहीत, तेव्हा पुष्कळांना ‘गाबा’सारखं दोन्ही जोडून ऐकू येतं. युक्ती माहीत असली तरी परिणाम जात नाही, कारण ही गाठ जाणिवेपर्यंत पोचण्याआधीच पडते. कानशिलाच्या आतल्या बाजूला, सुपिरियर टेम्पोरल सल्कस नावाच्या खाचेत, ओठांची आणि आवाजाची माहिती एकत्र येते. 2010 मध्ये संशोधकांनी तिथलं काम चुंबकीय स्पंदांनी क्षणभर विस्कटलं तेव्हा हा भ्रम कमी झाला. तुमच्या मुलीला ‘बा’च ऐकू येतं, यातही नवल नाही. माणसामाणसांत मोठा फरक असतो आणि कुठलीही बाजू बिघाडाची नाही.

नेहमी डोळाच जिंकतो असंही समजू नका. शब्दभ्रमकाराची बाहुली बोलते असं वाटतं, कारण जागा ओळखण्यात डोळा तरबेज आहे. 2004 मध्ये डेव्हिड अलाय आणि डेव्हिड बर यांनी चित्र मुद्दाम खूप धूसर केलं, तर आवाजाने चित्राची जागा ओढून नेली. वेळेच्या बाबतीत कान वरचढ आहे. एका चमकेबरोबर दोन झटपट टिकटिक ऐकवल्या तर पुष्कळांना चमकाच दोन दिसतात. त्या त्या कामात ज्याची साक्ष भरवशाची, त्याला मेंदू जास्त वजन देतो.

याच वजनावर तुमच्या चष्म्याचं उत्तर आहे. घरच्यांना हसू द्या, पण त्याआधी एक खेळ खेळायला लावा. घरातल्या कुणाला तरी दोन मीटरवर समोर बसवा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, शेजारी नळ जोरात सोडा किंवा मिक्सर लावा. त्यांनी नेहमीच्या आवाजात बार, दार, गार हे तीन शब्द उलटसुलट क्रमाने एकूण 24 वेळा म्हणायचे. पहिले 12 तुम्ही डोळे मिटून ऐका, पुढचे 12 चष्मा लावून बघत. जे ऐकू आलं ते लिहा. डोळे मिटून तुमचे बरेच शब्द चुकतील, कारण गोंगाट नेमकी हीच माहिती गिळतो: आवाज ओठांत अडला, दातांशी अडला की घशाजवळ. बघताना मात्र ‘बार’ जवळजवळ चुकणार नाही, ओठ मिटलेले डोळ्यांनी दिसतात.

मग दुसरी फेरी घ्या: पार, बार, मार. आता बोलणाऱ्याने आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. तुम्ही कितीही टक लावलीत तरी निव्वळ अंदाज उरेल, कारण तिन्ही ओठांवर एकसारखेच दिसतात. मिक्सर चालू असतानाही कानाला मात्र ‘मार’मधला नाकातला सूर आणि ‘बार’मधला घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, बऱ्यापैकी कळतो. गोंगाटात कान जे हरवतो ते ओठ दाखवतात, आणि ओठ जे लपवतात ते कानाकडे शाबूत असतं. म्हणून दोघांची जोडी इतकी फळते. 1954 मध्ये विल्यम सम्बी आणि अर्विन पोलॅक यांनी मोजलं होतं: मोठ्या गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसणं म्हणजे जणू आवाज 15 डेसिबलपर्यंत वाढवून मिळणं. मांजराच्या पेशींचा नियमही हेच सांगत होता. शांत खोलीत चष्म्याने ऐकण्यात फारसा फरक पडणार नाही, गर्दीत पडेल.

तेव्हा गर्दीच्या ठिकाणी जाताना लांबचं स्पष्ट दिसणारा चष्मा लावा. नुसता वाचायचा चष्मा दोन मीटरवरचे ओठ धूसर करतो. बसताना उजेड तुमच्या पाठीकडून समोरच्याच्या चेहऱ्यावर पडेल अशी जागा धरा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळोखा होतो आणि तुमची अर्धी ऐकण्याची सोय जाते. अंतर दीड-दोन मीटरच्या आत ठेवा.

कानाची तपासणी तरीही करून घ्या. वयाबरोबर उंच स्वर आधी मंदावतात, आणि स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी तिथेच असते. बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाही, ही त्याची नेहमीची सुरुवात. मेंदू ती तूट ओठांवरून भरून काढत राहतो, त्यामुळे लक्षात यायला वर्षं जातात. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करायला सांगताना शांत खोलीतल्या सुरांवर थांबू नका, गोंगाटात शब्द ओळखण्याचीही चाचणी करता का ते विचारा. वरच्या खेळात लिहिलेले दोन्ही कागद बरोबर न्या. डोळे मिटून 12 पैकी किती आणि बघून किती, हे आकडे तिथे उपयोगी पडतील. एक मात्र वेगळं: एखाद्या कानाचं ऐकणं एका दिवसात किंवा रात्रीतून अचानक उतरलं तर टाळ्या मोजत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतो.